पाण्यातून जमिनीवर : पूरमैदानाची वाट

नाशिकमध्ये पुराची उंची बोलताना कोणी मीटरमध्ये सांगत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, यावरून ती सांगतात. 'गुडघ्याला लागले', 'कमरेला लागले', 'छातीपर्यंत आले' असे निरोप बाजारात फिरू लागले की भांडीबाजार आणि सराफबाजारातले दुकानदार माल वर हलवू लागतात. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर, असे जुने नाशिककर मानतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर लोकांच्या ध्यानात आहेत ते याच खुणांनी.

२०१९ च्या ऑगस्टमधील पूर ओसरल्यावर मी काही विद्यार्थ्यांना घेऊन शहराच्या खालच्या बाजूस नदीकाठाने गेलो होतो. शेतांवर बोटभर गाळ बसला होता. एका खळग्यात पुराचे पाणी अडकून राहिले होते आणि उन्हाने ते आटत चालले होते. लहान मासे मरून पांढरे पडले होते, पण त्याच पाण्यात एक मरळ मात्र धडधाकट होती. थोड्या थोड्या वेळाने ती तोंड वर काढून हवा घेई आणि पुन्हा चिखलात बसे. एका मुलाने विचारले, "सर, पहिले प्राणी जमिनीवर आले ते असेच का? डबके आटले म्हणून?"

मी लगेच 'हो' म्हटले. माझ्या शाळेच्या दिवसांत मी तसेच शिकलो होतो : तळी आटली, मासे दुसरे पाणी शोधत सरपटत निघाले, आणि त्यांना हळूहळू पाय फुटले. घरी येऊन वाचू लागलो तेव्हा कळले की ते उत्तर जुने झाले आहे. त्यातला काही भाग खरा आहे, पण क्रम चुकलेला आहे. त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून हा लेख लिहीत आहे.

पूरमैदान कसे तयार होते?

प्रथम ती जागा नीट समजून घेऊ. वाहत्या पाण्याची वस्तू वाहून नेण्याची शक्ती त्याच्या वेगावर अवलंबून असते. वेगवान पाणी गोटे ढकलत नेते, त्याहून कमी वेगाचे पाणी वाळू नेते, आणि अगदी संथ पाण्यातही बारीक गाळ तरंगत राहतो. पुराचे पाणी पात्र सोडून दोन्ही बाजूंना पसरले की त्याची खोली आणि वेग दोन्ही कमी होतात. मग भरड वाळू काठालगतच पडते आणि तिचा उंचवटा, म्हणजे पूरतट, तयार होतो. बारीक गाळ दूरवर जाऊन बसतो. तोच आपला पोयटा. दर पुराबरोबर एकेक थर चढत जातो. नदी नागमोडी वाहत असेल तर कधी तरी तिचे एखादे वळण तुटते आणि नालाकृती सरोवर मागे राहते. पूरतट, पोयट्याची सपाट जमीन, नालाकृती सरोवरे, डबकी आणि पाणथळ जागा या सगळ्यांना मिळून आपण पूरमैदान म्हणतो.

ही जागा वर्षातले काही दिवस नदी असते आणि उरलेले दिवस जमीन. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे.

पूरमैदानाचा आणखी एक गुण आहे. मेलेला प्राणी उघड्यावर पडला तर कुजून किंवा इतरांचे भक्ष्य होऊन नाहीसा होतो. पण पुराच्या गाळाने तो झटपट झाकला गेला तर त्याची हाडे टिकतात. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या खडीच्या थरांत सापडलेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांचा अभ्यास ह. धी. सांकलिया यांनी केला आणि त्यावरचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे नदीच्या गाळात आज नामशेष झालेल्या एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली होती. तिचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. नदीने जपून ठेवलेली ही पुराणवस्तूंची पेटीच आहे.

मात्र ही पेटी फार जुनी नाही. या गाळाखाली आपला काळा बेसाल्ट लागतो, आणि त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. पाठीचा कणा असलेले प्राणी जमिनीवर येऊ लागले ते सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ते प्राणी नाशिकच्या खडकांत सापडणार नाहीत. नाशिकच्या काठावर आपल्याला दिसते ती रीत : पूर कसा येतो, गाळ कसा बसतो आणि डबक्यात कोण जगतो.

पाणी आणि हवा यांतला फरक

मी पदार्थविज्ञान शिकवतो. म्हणून पाण्यातून हवेत येणे म्हणजे काय, याचा हिशेब आधी पदार्थविज्ञानानेच मांडतो. येथे मुख्य अडचणी तीन आहेत.

पहिली अडचण वजनाची. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. माशाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते. त्यामुळे आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात त्याचे वजन जवळजवळ नाहीसे होते. तोच दोन किलोचा मासा बाहेर काढला की सुमारे २० न्यूटन बल त्याला जमिनीवर दाबू लागते. पाठीचा कणा खाली झुकतो, छाती आणि पोट दबतात. किनाऱ्यावर अडकलेला देवमासा फुप्फुसाने श्वास घेणारा असूनही मरतो, त्याचे एक मोठे कारण त्याचे स्वतःचेच वजन हे असते. जमिनीवर यायचे तर कण्याला आधार हवा, मजबूत बरगड्या हव्यात, आणि वजन कण्यावरून जमिनीवर उतरवणारे खुब्याचे व खांद्याचे हाड हवे.

दुसरी अडचण श्वासाची, आणि येथे हिशेब उलटा आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर स्वच्छ, थंडही नाही आणि गरमही नाही अशा पाण्यात तो जेमतेम ६ मिलिलिटर विरघळलेला असतो. आता समजा, एका प्राण्याला एक लिटर ऑक्सिजन हवा आहे. हवेतून घ्यायचा तर सुमारे ५ लिटर हवा आत घ्यावी लागेल. तिचे वजन फक्त ६ ग्रॅम. पाण्यातून घ्यायचा तर सुमारे १७० लिटर पाणी कल्ल्यांवरून न्यावे लागेल. त्याचे वजन १७० किलो! शिवाय ऑक्सिजन हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा वेगाने तो पाण्यात पसरतो. पाणी तापले, त्यात पाला कुजू लागला, की आहे तो ऑक्सिजनही संपतो. म्हणजे आटत्या डबक्यातल्या माशाच्या डोक्यावर बोटभर अंतरावर ऑक्सिजनचा अक्षरशः महासागर असतो.

मग माशाने कल्ल्यांनीच हवा का घेऊ नये? रंगवण्याचा कुंचला पाण्यात बुडवून पाहा. त्याचे केस सुटे सुटे पसरतात. तोच बाहेर काढला की पृष्ठताणामुळे केस एकमेकांना चिकटून त्यांचे टोक होते. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्यांचेही हवेत तसेच होते. पाकळ्या चिकटल्या की त्यांचे क्षेत्रफळ घटते आणि मासा ऑक्सिजनच्या महासागरात गुदमरतो. हवा घ्यायची तर ती शरीराच्या आत, ओलसर पोकळीतच घेतली पाहिजे.

तिसरी अडचण पाहण्याची. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा सुमारे १.३८. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळे पाण्यात त्या पडद्यावर प्रकाश फारसा वळत नाही. सारे काम भिंगाला करावे लागते, म्हणून माशाचे भिंग गोटीसारखे गोल असते. शिजवलेल्या माशाच्या डोळ्यातून पडणारा पांढरा मणी तो हाच. हवेत मात्र तोच पडदा प्रकाश जोराने वळवतो. आपल्या डोळ्यात किरण एकत्र आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. म्हणजे पाण्यासाठी बनलेला डोळा हवेत धूसर पाहणार. पण गढूळ पाण्यात नजर हातभरही पोचत नाही, आणि हवेत ती पलीकडच्या काठापर्यंत जाते, हा लाभ मोठा होता.

त्वचेचा ओलावा टिकवणे, अंडी कोरडी पडू न देणे, हवेतला आवाज ऐकणे या अडचणीही होत्याच. आता प्रश्न असा : इतक्या अडचणी ओलांडण्याची साधने कोणत्याही माशाला एका उन्हाळ्यात मिळणे शक्य नाही. मग ती आली कुठून?

आधी वनस्पती आल्या

मासे काठाशी आले तेव्हा काठ ओसाड नव्हता. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी बोटाएवढ्या उंचीच्या, पाने नसलेल्या वनस्पती ओल्या जमिनीवर उगवू लागल्या होत्या. स्कॉटलंडमधील रायनी या गावाजवळ १९१२ मध्ये असा दगड सापडला, की त्यात सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती, बुरशी आणि कोळ्यांसारखे लहान प्राणी त्यांच्या पेशींसह जपले गेले आहेत. म्हणजे जमिनीवरचे पहिले प्राणी मासे नव्हेत. गोमी, वाणी आणि कोळी यांचे पूर्वज त्यांच्या आधीच तेथे पोचले होते. सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वी मोठ्या मुळांची झाडे आणि अरण्ये दिसू लागतात.

या वनस्पतींनी केवळ जमीन हिरवी केली असे नाही, त्यांनी नद्याच बदलल्या. मुळांनी धरून ठेवलेला काठ नसेल तर नदी पसरट होते, अनेक उथळ धारांत विभागते आणि बारीक गाळ सरळ समुद्रात वाहून जातो. निरनिराळ्या काळांतील नद्यांनी रचलेल्या खडकांची तुलना करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की वनस्पती येण्यापूर्वीच्या खडकांत चिखलाचे प्रमाण फार थोडे आहे आणि वनस्पती आल्यानंतर ते अनेक पटींनी वाढले आहे. आपण ज्याला पूरमैदान म्हणतो ती पोयट्याची, वळणावळणांची, डबक्यांची जागा बऱ्याच अंशी वनस्पतींनी घडवली आहे.

अशा जागेत उथळ पाणी, पडलेल्या फांद्या, मुळांचे जाळे आणि कुजणारा पाला असे. पाला कुजला की ऑक्सिजन कमी होई. पण तेथे अन्न भरपूर होते, आणि मोठ्या शिकारी माशांना उथळ पाण्यात शिरता येत नव्हते.

जुने उत्तर आणि नवे पुरावे

मी शाळेत शिकलेले उत्तर विसाव्या शतकातील अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रोमर यांच्या लेखनामुळे सर्वत्र पोचले होते. त्यांचे म्हणणे असे, की तळी आटत असताना दुसऱ्या तळ्यापर्यंत सरपटत जाणारे मासे वाचले, आणि त्यातून पाय विकसित झाले. म्हणजे पाय आले ते पाण्यातच राहण्यासाठी! कल्पना चतुर होती. तिची परीक्षा घ्यायची तर एक साधा प्रश्न विचारावा लागतो : ज्यांना पहिल्यांदा पाय आले ते प्राणी खरोखर जमिनीवर चालत होते काय?

१९८७ मध्ये ब्रिटिश संशोधिका जेनी क्लॅक ग्रीनलंडला गेल्या आणि तेथील सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, नदीने रचलेल्या खडकांतून त्यांनी अकॅन्थोस्टेगा या प्राण्याचे उत्तम जीवाश्म आणले. त्याला बोटे असलेले चार पाय होते. पण पुढच्या पायाला बोटे पाच नव्हती, आठ होती. आणि त्याला माशासारखे आतले कल्ले होते, शेपटीला रुंद पर होता, आणि पाय वजन पेलण्याजोगे नव्हते. हा पाय असलेला, पण पाण्यातच राहणारा प्राणी होता. म्हणजे पाय आधी आले आणि चालणे नंतर. उथळ पाण्यात मुळे व फांद्या बाजूला सारायला, तळाला रेटा द्यायला आणि स्थिर उभे राहायला ते उपयोगी पडत असावेत.

दुसरा पुरावा त्याहून जुन्या काळातला. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समियर बेटावर नील शुबिन, टेड डेश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा एक मासा सापडला. २००६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तेथील इन्युइट लोकांच्या भाषेतून त्याला टिक्टालिक हे नाव मिळाले. आज ते बेट बर्फाळ आहे, पण त्या काळी तो भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि ज्या खडकांत हा मासा सापडला ते नागमोडी नद्यांच्या पूरमैदानाचे आहेत. अशा मध्यल्या प्राण्याचा शोध घ्यायचा तर त्याच काळाचे, नदीने रचलेले खडक पाहिले पाहिजेत, असे ठरवूनच ही मंडळी तेथे अनेक वर्षे जात होती.

टिक्टालिकला खवले आणि पर होते, म्हणून तो मासा. पण त्याचे डोके मगरीसारखे चपटे व डोळे वर होते. खांद्याच्या हाडापासून डोके सुटे होते, म्हणजे त्याला मान होती. इतर माशांना मान नसते, त्यांना वळायचे तर सारे अंग वळवावे लागते. त्याच्या पराच्या आत दंड, कोपर आणि मनगट यांच्याशी जुळणारी हाडे होती, आणि बरगड्या जाड होत्या. आता वरच्या तीन अडचणी आठवा. बरगड्या, खांदा, पराचा टेकू आणि वरून हवेत पाहणारे डोळे ही सारी साधने या माशाजवळ पाण्यात असतानाच होती. २०१७ मध्ये मॅकआयव्हर आणि श्मित्झ यांनी अनेक जीवाश्मांच्या डोळ्यांच्या खोबणी मोजल्या. पाय पूर्ण होण्याआधीच डोळे जवळजवळ तिप्पट मोठे झाले होते, असे त्यांना आढळले. गढूळ पाण्यात मोठ्या डोळ्याचा फारसा लाभ नाही. पाण्याच्या पृष्ठभागी राहून काठावरचे भक्ष्य पाहायला मात्र तो फार मोठा.

आणि फुप्फुस? तेही जमिनीसाठी आलेले नाही. बहुतेक माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की या पिशवीपासून फुप्फुस झाले. आता पुरावा उलट दिशेने जातो : हाडे असलेल्या माशांच्या पूर्वजांत साधे फुप्फुस आधीपासून होते आणि तरंगण्याची पिशवी हे त्याचेच नंतरचे रूप आहे. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात हवा गिळणे ही माशांची फार जुनी सवय आहे.

थोडक्यात, जमिनीवर लागणारे प्रत्येक साधन पाण्यातच, पाण्यातल्या कामासाठी तयार झाले होते. जमिनीवर जायचे म्हणून कोणत्याही माशाने पाय कमावले नाहीत. उत्क्रांतीला पुढचे दिसत नाही. त्या त्या पिढीत जे उपयोगी पडते तेच टिकते. पूरमैदानात पाणी आणि जमीन यांच्यामधली सीमारेषा रोज सरकत असल्यामुळे ही पाण्यातली साधने काठावरही थोडी थोडी उपयोगी पडू लागली. डबके आटणे हे त्यातले एक निमित्त असेल, एकमेव कारण नव्हे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २०१० मध्ये पोलंडमधून सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा प्रसिद्ध झाल्या. त्या समुद्रकाठच्या उथळ जागी उमटलेल्या आहेत, असे त्यांच्या संशोधकांचे मत आहे. त्या खरोखर चार पायांच्या प्राण्याच्याच आहेत काय, याबद्दल मतभेद आहेत. तेव्हा नदीचे पूरमैदान ही एकमेव वाट होती असे म्हणता येत नाही. पण आजवर मिळालेले उत्तम सांगाडे याच वाटेवरचे आहेत.

गोदावरीच्या खोऱ्यातले साक्षीदार

ही सारी कथा ग्रीनलंड-कॅनडाची, आपल्याकडे काय आहे, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी गोदावरीबरोबर खाली जाऊ. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी सिरोंच्यापाशी पोचते तेव्हा तिला प्राणहिता मिळते. प्राणहितेत वर्धा आणि वैनगंगा या दोन्ही नद्यांचे पाणी असते. या पूर्वेकडच्या भागात बेसाल्टचे पांघरूण संपते आणि त्याहून कितीतरी जुने, नद्यांनीच रचलेले खडक उघडे पडतात.

त्यांचा पहिला शोधक होता नागपूरचा एक मिशनरी, स्टीफन हिस्लॉप. तो १८४५ मध्ये नागपूरला आला आणि आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह नागपूर-कामठी परिसरातील वनस्पतींचे व प्राण्यांचे जीवाश्म त्याने जमवले. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा खोऱ्यातील मांगली येथील दगडांत त्यांना एक रुंद, चपटी कवटी मिळाली. ती लंडनला गेली. 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ मध्ये रूढ करणारे रिचर्ड ओवेन यांनी १८५४-५५ च्या सुमारास तिचे वर्णन केले आणि तिला 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स', म्हणजे आखूड चेहऱ्याचा व रुंद डोक्याचा, असे नाव दिले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा हा उभयचर प्राणी होय.

त्याच मांगलीच्या दगडांत हिस्लॉपला शिंपल्यासारखे कवच असलेल्या लहान जलचरांचे ठसेही मिळाले. त्यांना 'एस्थेरिया मांगलीएन्सिस' हे नाव गावावरूनच पडले. या कुळातले प्राणी आजही पावसाळ्यात साचणाऱ्या तात्पुरत्या डबक्यांत आढळतात. डबके आटले तरी त्यांची अंडी वाळलेल्या चिखलात टिकून राहतात. म्हणजे मांगलीचा उभयचर ज्या पाण्याकाठी राहत होता ते उथळ आणि कधी भरणारे, कधी आटणारे असावे, असा अंदाज करता येतो.

ब्रॅकिऑप्सच्या गटाला 'लॅबिरिंथोडॉन्ट' म्हणजे भूलभुलैयासारखे दात असलेले प्राणी असे नाव आहे. त्यांचा दात आडवा कापला तर आतल्या घड्यांची नागमोडी नक्षी दिसते. अशीच नक्षी टिक्टालिकच्या नात्यातील मांसल परांच्या माशांच्या दातांतही आहे. मांगलीचा प्राणी पहिल्या जमिनीवरच्या प्राण्यांनंतर बारा कोटी वर्षांनी जगला, पण माशांकडून आलेला हा वारसा त्याच्या गटाने टाकलेला नव्हता.

हिस्लॉपचा दुसरा महत्त्वाचा शोध मलेरीचा. हे गाव प्राणहितेच्या पश्चिमेस, आज तेलंगणात आहे. तेथील तांबडी माती म्हणजे सुमारे २२ ते २३ कोटी वर्षांपूर्वीच्या पूरमैदानाचा गाळ. त्यातून शिंगांसारखे उंचवटे असलेले माशांचे दात मिळाले आणि १८५९ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांनी त्यांचे वर्णन केले. तो 'सेरॅटोडस' हा फुप्फुसमासा होता. त्या वेळी हा मासा केवळ जीवाश्म म्हणूनच माहीत होता. अकरा वर्षांनी, १८७० मध्ये, ऑस्ट्रेलियात क्रेफ्ट यांनी तशाच दातांच्या एका जिवंत माशाचे वर्णन केले! तो क्वीन्सलंडच्या नद्यांत राहतो. त्याला कल्ले आहेत आणि एक फुप्फुसही आहे. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की तो वर येऊन हवा घेतो. मलेरीचा दात हाती असलेल्यांना त्याचा मालक कसा श्वास घेत असेल, हे आता पाहून सांगता येऊ लागले. मलेरीच्याच मातीतील मगरीसारख्या दिसणाऱ्या एका सरपटणाऱ्या प्राण्याला पुढे हिस्लॉपचे नाव देण्यात आले.

हिस्लॉपचा शेवट मात्र दुःखद झाला. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून नागपूरला परतताना पुराने भरलेला ओढा ओलांडताना तो बुडाला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पुरांनी जपलेले प्राणी उजेडात आणणारा माणूस पुरातच गेला.

याच खोऱ्यातील त्याहून नंतरच्या थरांत डायनोसॉरची हाडे आणि झाडांचे अश्मीभूत ओंडके सापडतात. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात वडधम येथे ते पाहायला मिळतात. तोवर सरपटणारे प्राणी पाण्यापासून पुष्कळ दूर गेले होते. कवचाच्या आत स्वतःचे छोटेसे तळेच असलेले अंडे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आलेले होते, म्हणून हे शक्य झाले. आपल्याकडचा पिवळाधमक होणारा मोठा बेडूक मात्र अजूनही पहिल्या पावसात शेतातल्या डबक्याकडेच धाव घेतो.

आजची मरळ आणि आजचे पूरमैदान

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. मरळ आपली पूर्वज नव्हे. तिचा हवा घेण्याचा अवयव म्हणजे कल्ल्यांच्या वरची पोकळी. ते फुप्फुस नव्हे. मागूर माशाने आणि कोकणातल्या खाडीच्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवटीने आपापले वेगळे उपाय शोधले आहेत. ज्या ज्या ठिकाणी पाणी येते-जाते त्या त्या ठिकाणी प्राण्यांनी पुन्हा पुन्हा हवेची वाट धरली आहे. मरळ आपल्याला सांगते ते इतकेच की ३७ कोटी वर्षांपूर्वीची परिस्थिती आजही आपल्या काठावर दर पावसाळ्यात तयार होते.

ती कायम तयार होत राहील, असे मात्र गृहीत धरू नका. कडवा आणि गोदावरी यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वरच्या पाणथळ जागेला जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील ती पहिली रामसर जागा. तेथे पाणी पसरायला आणि ओसरायला मोकळीक आहे, म्हणून मासे आहेत आणि माशांसाठी येणारे पक्षी आहेत. शहरात आपण पूरमैदानावर भराव घालतो, काठ काँक्रीटने बांधतो आणि पूर आला की नदी आपल्या घरात शिरली असे म्हणतो. पसरायला जागा नसलेले पाणी अधिक उंच चढते, हे तर साधे पदार्थविज्ञान आहे. वर्षातले काही दिवस नदी असणारी ती जमीन रिकामी पडलेली नसते.

करून पाहा

१. एका दगडाचे वजन ताणकाट्याने हवेत आणि मग पाण्यात बुडवून करा. दोन्हींतला फरक म्हणजे पाण्याने दिलेला आधार.

२. उंच काचेच्या बरणीत पाणी, गोटे, वाळू आणि पोयटा घालून हलवा व ठेवून द्या. कोणता थर आधी बसतो आणि पाणी पूर्ण निवळायला किती तास लागतात, ते नोंदवा.

३. मासळीबाजारात मरळ आणि रोहू यांतली कोणती अधिक वेळ जिवंत राहते ते विचारा, आणि का, ते वर्गात सांगा.

४. पुढच्या पुरानंतर, पाणी पूर्ण ओसरल्यावर, मोठ्या माणसांबरोबर नदीकाठी जा. गाळाचा थर पट्टीने मोजा, तारीख घाला आणि वही जपून ठेवा.